सेशन हरवतं कुठे?

सेशन म्हणजे साइटने एका वापरकर्त्याबद्दल पानापानांतून जपलेली माहिती. वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. एका पानावर ठेवलेली माहिती दुसऱ्या पानावर पोचत नाही, किंवा नको तेव्हा नाहीशी होते. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेबद्दल विचारणारे सर्वांत जास्त, म्हणून उत्तरंही मुख्यतः पीएचपीची. शेवटाकडे इतर भाषांचंही थोडं आहे. फंक्शनची नावं आणि कोडच्या ओळी इथे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या मूळ रोमन स्पेलिंगप्रमाणेच लिहा. $_सेशन हे नाव तेवढं सगळं मोठ्या अक्षरांत येतं.

प्रश्न : लॉगिनच्या पानावर $_सेशनमध्ये वापरकर्त्याचं नाव ठेवतो. त्याच पानावर छापलं तर बरोबर दिसतं, पुढच्या पानावर मात्र रिकामं. कोड अनेकदा तपासला. चूक कुठे असेल?

त्याच पानावर नाव दिसलं, यावरून काहीच सिद्ध होत नाही. सेशन सुरू केलेलं नसलं तरी $_सेशनमध्ये लिहिलेलं त्या पानापुरतं वाचता येतं, कारण तेवढ्या वेळापुरता तो साधा ॲरेच (किमतींची यादी) असतो. खरी परीक्षा पुढच्या पानावर होते.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला आठवण नसते. प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरची मागणी, सर्व्हरला नव्यानेच भेटते. तुमची माहिती सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये पडून असते आणि ब्राउझरकडे फक्त तिचा क्रमांक असतो, पीएचपीसेसआयडी नावाच्या कुकीत, म्हणजे ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत. सामानघरात पिशवी ठेवून बिल्ला खिशात घालावा, तसं. बिल्ला हरवला असेल, बिल्ला बदलला असेल किंवा पिशवीच रिकामी असेल. तिन्हीची लक्षणं पानावर सारखीच दिसतात, उपाय मात्र तीन वेगळे. म्हणून कोड पुन्हा वाचत बसण्याआधी यातलं नेमकं काय झालं आहे, ते ठरवून घ्या.

दोन्ही पानांवर, सेशन जिथे सुरू व्हायला हवं त्याच्या लगेच खाली ही ओळ घाला:

एरर_लॉग('आयडी: ' . सेशन_आयडी());

इको वापरू नका. इकोने काहीही पडद्यावर गेलं की पुढचं रिडायरेक्ट बिघडतं आणि एक नवाच दोष मागे लागतो. आता लॉगिन करा आणि एरर लॉग उघडा.

दुसऱ्या पानाचा आयडी रिकामा असेल तर त्या पानावर सेशन_स्टार्ट() चाललेलंच नाही. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत हे कारण वारंवार सापडतं. पहिल्या पानावर सुरू केलेलं सेशन दुसऱ्या पानावर आपोआप सुरू होत नाही. प्रत्येक पानाला ते सांगावं लागतं. प्रत्येक फाइलमध्ये ती ओळ लिहीत बसण्यापेक्षा सेशनची मांडामांड एका सामाईक फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत ती रिक्वायर_वन्सने जोडून घ्या.

दोन पानांचे आयडी वेगळे येत असतील तर कुकी परत येत नाही. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा. पहिल्या पानाच्या उत्तरात ‘सेट-कुकी’ हेडर आहे का, आणि पुढच्या रिक्वेस्टमध्ये ‘कुकी’ हेडर आहे का, एवढंच बघायचं. पहिलं आहे आणि दुसरं नाही, तर पत्त्यांची तुलना करा. लॉगिन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या पत्त्यावर झालं आणि रिडायरेक्ट त्याशिवायच्या पत्त्यावर गेलं, तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. एकाची कुकी दुसऱ्याला मिळत नाही. कुकी_डोमेन बदलून हे जुळवता येतं, पण आमचा सल्ला सरळ आहे: दोन्हींपैकी एकच पत्ता निवडा आणि दुसऱ्यावरून ३०१ ने (कायमच्या रिडायरेक्टने) तिकडे वळवा. कुकीवर ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएसवरूनच पाठवा) लावलेलं आहे आणि साइट साध्या एचटीटीपीवर चालली आहे, असं असलं तरी हेच लक्षण दिसतं.

आयडी दोन्हीकडे एकच असेल तर बिल्ला ठीक आहे, पिशवी बघा. सेशन.सेव्ह_पाथ या सेटिंगमध्ये दिलेलं फोल्डर उघडा. तिथे ‘सेस_’ आणि पुढे तुमचा आयडी, अशा नावाची फाइल असते. ती उघडली की आत असं काही दिसेल:

नाव|एस:९:"आशा";

‘एस’ म्हणजे स्ट्रिंग, ९ म्हणजे लांबी. ‘आशा’त तीन चिन्हं असून लांबी ९ कशी, म्हणून गोंधळू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि आ, श आणि काना मिळून ९ होतात. तपासणीसाठी ही फाइल हाताने बदलायचा मोह टाळा. नाव बदललं आणि आकडा तसाच राहिला की पीएचपीला ती वाचता येत नाही आणि ते अख्खं सेशन मोडीत काढतं.

फाइल ० बाइटची असेल तर त्यात लिहिलंच गेलेलं नाही. बहुधा तुम्ही सेशन_स्टार्ट()च्या आधी $_सेशनमध्ये किंमत टाकली आहे. सुरू होताना तो ॲरे फाइलमधल्या मजकुराने भरला जातो आणि आधी टाकलेलं पुसलं जातं. सेशन_राइट_क्लोज()नंतर लिहिलं असेल तरी तेच होतं. फाइलच नसेल, तर फोल्डरवर वेब सर्व्हरला लिहिण्याची परवानगी आहे का आणि डिस्क भरली आहे का ते बघा. याची सूचना पडद्यावर येत नसली तरी लॉगमध्ये असते.

फाइल व्यवस्थित भरलेली आहे आणि तरी पान रिकामं आहे, मग दोष वाचणाऱ्या कोडात आहे. नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक तपासा. आणि ही ओळ कुठे आहे का, ते मुद्दाम शोधा:

इफ ($_सेशन['भूमिका'] = 'ॲडमिन')

दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं की ही तुलना राहत नाही, ती नेमणूक होते. पान उघडणारा प्रत्येक जण ॲडमिन होतो, आणि ते सेशनमध्ये जपूनही ठेवलं जातं.

प्रश्न : ‘हेडर आधीच पाठवले गेले आहेत’ अशी सूचना येते आणि सेशन सुरू होत नाही. सेशन_स्टार्ट() तर मी पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

सूचना शेवटपर्यंत वाचा. मजकूर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीपासून बाहेर गेला, ते तीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. कुकी हेडरमधून जाते आणि हेडर पानाच्या मजकुराआधीच जावे लागतात. एक रिकामी जागा जरी आधी निसटली तरी दार बंद.

ओळ क्रमांक १ दाखवत असेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम आहे. न दिसणारे हे ३ बाइट ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ असं साठवल्यावर येतात. मराठी मजकूर असलेल्या फाइलींत ते हमखास सापडतात, कारण देवनागरी टिकावी म्हणून अशा फाइली मुद्दाम यूटीएफ-८ निवडून साठवल्या जातात आणि जुन्या नोटपॅडमध्ये ते निवडलं की बीओएम लागायचाच. एडिटरमध्ये ‘बीओएमशिवाय’ हा पर्याय निवडून फाइल पुन्हा साठवा.

शेवटची ओळ दाखवत असेल तर सामाईक फाइलच्या अखेरच्या ?> या खुणेनंतर रिकाम्या ओळी राहिल्या आहेत. लगतची एक नवी ओळ पीएचपी गिळतं, दुसरी बाहेर जाते. ज्या फाइलमध्ये नुसता पीएचपी कोड आहे, तिथे ही शेवटची खूण लिहूच नये.

‘माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही’ याचं कारण आउटपुट_बफरिंग, म्हणजे मजकूर लगेच न पाठवता आधी साठवणारं सेटिंग, असू शकतं. एकीकडे ४०९६ आणि दुसरीकडे बंद असेल, तर बफर असलेल्या मशीनवर ही चूक झाकली जाते. बफर चालू करून सुटका करून घेऊ नका. पान मोठं झालं की चूक परत वर येते.

प्रश्न : कर्मचारी मोठा फॉर्म भरत असताना मध्येच लॉगआउट होतात. मी कोडमध्ये मुदत २ तास केली आहे, तरी कधी अर्ध्या तासात, कधी तासाभरात सेशन जातं. इतकं अनियमित का?

मुदत एका ठिकाणी ठरत नाही, म्हणून.

सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम हे पहिलं सेटिंग. त्याची मूळ किंमत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. पण २४ मिनिटं झाली की सेशन संपलं, असा त्याचा अर्थ नाही. इतका वेळ हात न लागलेली फाइल ‘कचरा समजायला हरकत नाही’, एवढंच ते सांगतं. कचरा प्रत्यक्षात कधी काढायचा, ते नशिबावर असतं: जीसी_प्रोबॅबिलिटी १ आणि जीसी_डिव्हायजर १०० असेल, तर दर रिक्वेस्टला शंभरात एक शक्यता. गर्दीच्या साइटवर सफाई सतत होते, सामसूम साइटवर तासन्‌तास होत नाही. अनियमितपणा इथून येतो.

आता तुमचे २ तास का पाळले जात नाहीत? सेव्ह_पाथचं फोल्डर त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या ॲप्लिकेशनबरोबर सामाईक असेल आणि त्याची मुदत २४ मिनिटंच असेल, तर त्याची सफाई सुरू झाली की ते तुमच्याही फाइली काढून टाकतं. फाइल कोणाची आहे ते त्याला कळत नाही. एका फोल्डरमध्ये सर्वांत छोटी मुदत सगळ्यांवर चालते.

डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रकारांवर आणखी एक वळण आहे. तिथे पीएचपीची स्वतःची सफाई बंद असते, प्रोबॅबिलिटी ० असते आणि दर अर्ध्या तासाला एक वेगळी स्क्रिप्ट नेहमीचं सेशन फोल्डर झाडते. ती मुदत पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमधून वाचते. तुम्ही कोडमध्ये आयएनआय_सेटने दिलेले २ तास तिला दिसतच नाहीत.

उपाय असा. तुमच्या ॲप्लिकेशनसाठी वेबच्या मूळ फोल्डरबाहेर स्वतंत्र सेशन फोल्डर करा, परवानगी ०७००, मालकी ज्या नावाखाली पीएचपी चालतं त्याची. सेशन_स्टार्ट()च्या आधी सेव्ह_पाथ आणि ७२०० ही मुदत द्या. नंतर दिलेली लागू होत नाही. डेबियनवर असाल तर जीसी_प्रोबॅबिलिटी १ करायला विसरू नका, कारण नव्या फोल्डरला ती स्क्रिप्ट हात लावत नाही आणि फाइलींचा ढीग साचत जातो.

त्यानंतर मुदतीचा निर्णय सफाईवर न सोपवता स्वतः घ्या. दर रिक्वेस्टला $_सेशन['शेवटची_वेळ'] मध्ये टाइम() ठेवा, आणि पुढच्या वेळी फरक ७२०० हून जास्त निघाला तर सेशन रिकामं करून लॉगिनला पाठवा.

कुकी_लाइफटाइम वाढवून हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण त्यात मेख आहे. ही कुकी नवा आयडी देतानाच पाठवली जाते, दर पानाला नवी होत नाही. तिथे ३६०० लिहिलं तर माणूस सतत काम करत असला तरी लॉगिनपासून बरोबर तासाभराने बाहेर पडतो. ते ० च ठेवा.

आणि मोठ्या फॉर्मचं मूळ दुखणं वेगळंच आहे. माणूस ४० मिनिटं टाइप करतो आहे, पण तेवढ्या वेळात सर्व्हरकडे एकही रिक्वेस्ट गेलेली नाही. सर्व्हरच्या दृष्टीने तो जागेवर नाही. टाइपिंग चालू असेल तेव्हाच दर ५ मिनिटांनी मसुदा सर्व्हरवर साठवणारी छोटी रिक्वेस्ट पाठवा. त्याने सेशनही जागं राहतं आणि वीज गेली तरी मेहनत वाया जात नाही. नुसत्या उघड्या पानावरून घड्याळाप्रमाणे रिक्वेस्ट पाठवत राहिलात, तर टेबल सोडून गेलेल्या माणसाचं सेशन कधीच संपणार नाही.

प्रश्न : अहवाल तयार व्हायला ३० सेकंद लागतात. तेवढा वेळ त्याच वापरकर्त्याच्या दुसऱ्या टॅबमधलं साधं पानसुद्धा उघडत नाही. सर्व्हर कमी पडतो आहे का?

दुसऱ्या संगणकावरून, दुसऱ्या नावाने लॉगिन करून बघा. तिथे पानं झटपट उघडत असतील तर सर्व्हरचा दोष नाही. सेशनच्या फाइलला कुलूप लागलेलं आहे.

सेशन_स्टार्ट() झालं की पीएचपी ती फाइल लॉक करतं आणि पान पूर्ण होईपर्यंत सोडत नाही. त्याच आयडीची दुसरी रिक्वेस्ट दाराबाहेर थांबते. एका पानावरून अजॅक्सच्या (पान न बदलता मागून जाणाऱ्या) ६ रिक्वेस्ट एकदम सुटल्या आणि प्रत्येकीला २ सेकंद लागले, तर २ सेकंदांत होणारं काम १२ सेकंदांवर जातं, आणि दोष बिचाऱ्या डेटाबेसला दिला जातो.

सेशनमधलं हवं ते वाचून घ्या आणि जड काम सुरू करण्याआधी कुलूप सोडा:

सेशन_स्टार्ट();
$ग्राहक = $_सेशन['ग्राहक_आयडी'] ?? नल;
सेशन_राइट_क्लोज();

यानंतर $_सेशन वाचता येतो, पण त्यात लिहिलेलं साठवलं जात नाही, आणि त्याबद्दल कुठलीही सूचना येत नाही. म्हणून ही ओळ घालताना खाली कुठे सेशनमध्ये लिहिलेलं नाही ना, हे शोधून बघा. ज्या पानाला फक्त वाचायचं आहे, तिथे पीएचपी ७ पासून सेशन_स्टार्ट(['रीड_अँड_क्लोज' => ट्रू]) असं एका ओळीत भागतं. मोठी फाइल डाउनलोडला देणारी पानं तर या यादीत पहिली यायला हवीत. डाउनलोड संपेपर्यंत ती कुलूप धरून बसतात.

कुलूप नकोच म्हणून रेडिसकडे, म्हणजे मेमरीत माहिती ठेवणाऱ्या साठ्याकडे, वळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. पीएचपीच्या नेहमीच्या रेडिस एक्स्टेन्शनमध्ये सेशनचं लॉकिंग मुळात बंद असतं. पानं मोकळी धावतात खरी, पण कार्टमध्ये दोन वस्तू जवळजवळ एकाच क्षणी टाकल्या तर दोन्ही रिक्वेस्ट जुनंच कार्ट वाचतात, आपापली वस्तू घालतात आणि शेवटी लिहिणारीचंच टिकतं. एक वस्तू गायब होते. कुलूप ही अडचण नाही. ते गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवणं ही अडचण आहे.

प्रश्न : लॉगआउटनंतर बॅक बटण दाबलं की आतलं पान दिसतं. सेशन_डिस्ट्रॉय() केलेलं आहे.

सेशन_डिस्ट्रॉय() सर्व्हरवरची माहिती काढतं. चालू पानातला $_सेशन ॲरे तसाच राहतो आणि ब्राउझरमधली कुकीही. पूर्ण लॉगआउटचा क्रम असा: सेशन_स्टार्ट(), मग $_सेशन = [], मग सेटकुकीने सेशन_नेम() च्या नावाची कुकी मागची तारीख देऊन रद्द करायची, मग सेशन_डिस्ट्रॉय(), आणि शेवटी लॉगिनच्या पानाकडे हेडर व एक्झिट. कुकी रद्द करताना पाथ आणि डोमेन मूळ कुकीचेच द्या. ते वेगळे पडले तर जुनी कुकी जागची हलत नाही.

बॅक बटणावर दिसणारं पान मात्र सर्व्हरकडून आलेलं नसतं. ती ब्राउझरने साठवलेली प्रत असते. पीएचपीची मूळ सेटिंग्ज न बदलता सेशन चालवलं, तर ‘नो-स्टोअर’ असलेलं कॅश-कंट्रोल हेडर आपोआप जातं, शिवाय १९ नोव्हेंबर १९८१, ०८:५२ अशी मुदत संपल्याची तारीखही. नेटवर्क टॅबमध्ये ती तारीख दिसली तर दचकू नका, ती पीएचपीत कायमचीच लिहिलेली आहे. ती दिसत नसेल तर कोणीतरी सेशन_कॅश_लिमिटर बदललेलं आहे. बहुधा ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ ही ब्राउझरची विचारणा टाळायला. तिचा खरा उपाय म्हणजे फॉर्म पोस्टने (माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टने) घेतल्यावर काम करून लगेच गेटच्या (नुसतं पान मागणाऱ्या रिक्वेस्टच्या) पानावर रिडायरेक्ट करणं.

तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये याहून गंभीर गोष्ट आहे. लॉगिन नसेल तर हेडरने लॉगिनकडे वळवलं आहे, पण खाली एक्झिट नाही. हेडर() स्क्रिप्ट थांबवत नाही. ब्राउझर वळून गेला तरी खालचा कोड सर्व्हरवर शेवटपर्यंत चालतो. ते पान नोंद खोडण्याचं असेल, तर लॉगिन न केलेल्या माणसाकडूनही नोंद खोडली जाईल. हे आजच दुरुस्त करा.

प्रश्न : लॉगिन झाल्यावर सेशन आयडी बदलावा असं म्हणतात. गरज काय?

कारण लॉगिनआधीचा आयडी दुसऱ्याने दिलेला असू शकतो. हल्लेखोर स्वतःला माहीत असलेला आयडी कुठल्यातरी मार्गाने तुमच्या ब्राउझरमध्ये बसवतो आणि वाट बघतो. तुम्ही पासवर्ड टाकलात की तोच आयडी लॉगिन झालेला होतो, आणि पासवर्ड न कळताच तो आत येतो. पासवर्ड जुळल्यावर लगेच सेशन_रीजनरेट_आयडी(ट्रू) करा; ‘ट्रू’मुळे जुनी फाइलही जाते. अधिकार वाढतील तिथे प्रत्येक ठिकाणी हेच करावं. याशिवाय सेशन.यूज_स्ट्रिक्ट_मोड १ करा. ते मुळात ० असतं, म्हणजे सर्व्हरने कधीच न दिलेला आयडीही पीएचपी निमूट स्वीकारतं.

प्रश्न : दोन टॅबमध्ये दोन नोंदी दुरुस्तीसाठी उघडल्या आणि पहिल्या टॅबमध्ये सेव्ह केलं, तर बदल दुसऱ्या नोंदीत जातात.

नोंदीचा क्रमांक तुम्ही सेशनमध्ये ठेवला आहे. सेशन ब्राउझरचं असतं, टॅबचं नाही. १५ क्रमांकाची नोंद उघडली, मग दुसऱ्या टॅबमध्ये २२ उघडली. सेशनमध्ये आता २२ आहे. पहिल्या टॅबमधून आलेला मजकूर मुकाट्याने २२ वर लिहिला जातो आणि कोणालाही एरर दिसत नाही.

क्रमांक फॉर्ममध्येच हिडन फील्डने पाठवा आणि ही नोंद बदलण्याचा अधिकार या माणसाला आहे का, ते सर्व्हरवर दर वेळी तपासा. फॉर्म तीन-चार पानांचा असेल तर सुरुवातीलाच बिन२हेक्स(रँडम_बाइट्स(८)) ने एक खूण तयार करा, माहिती $_सेशन['अर्ज'][$खूण] खाली ठेवा आणि ती खूण पानापानातून पुढे न्या. असे दहाहून जास्त अर्धवट अर्ज साचले की सर्वांत जुना काढून टाका.

प्रश्न : ऑनलाइन पैसे भरून ग्राहक परत आला की तो लॉगआउट झालेला असतो. पूर्वी हे चालत होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी जावी का, ते ठरवणारं सेटिंग) न सांगितलेली कुकी ब्राउझर ‘लॅक्स’ समजू लागला. दुसऱ्या साइटवरून पोस्टने येणाऱ्या रिक्वेस्टबरोबर लॅक्स कुकी जात नाही, आणि पैसे घेणाऱ्या बऱ्याच सेवा ग्राहकाला पोस्टनेच परत पाठवतात.

पण कुकी न येणं हा निम्माच भाग झाला. त्या परतीच्या पानावर तुम्ही सेशन_स्टार्ट() करता. कुकी नाही म्हणून पीएचपी नवा आयडी देतं, आणि तो ब्राउझरमधल्या जुन्या आयडीच्या जागी बसतो. ग्राहक लॉगआउट होतो तो या क्षणी.

म्हणून परतीच्या पानावर सेशन सुरूच करू नका. आलेल्या माहितीची सही पडताळा, ऑर्डर क्रमांकावरून डेटाबेसमध्ये नोंद करा, आणि ३०३ ने स्वतःच्या ‘ऑर्डर पूर्ण’ पानाकडे पाठवा. ती रिक्वेस्ट गेटची असल्याने लॅक्स कुकी तिच्याबरोबर येते आणि जुनं सेशन शाबूत सापडतं. कुकी ‘नन’ करूनही प्रश्न सुटतो, त्यासाठी ‘सिक्युअर’ सक्तीचं आहे. पण एका पानासाठी सगळ्या साइटचं संरक्षण सैल करणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : डेटाबेसचं कनेक्शन सेशनमध्ये ठेवलं तर प्रत्येक पानावर जोडणी करावी लागणार नाही. ते जमतं का?

नाही. सेशनमध्ये जातं ते सगळं मजकुरात बदलून फाइलमध्ये लिहिलं जातं. जिवंत जोडणी अशी लिहिता येत नाही, आणि पीडीओचा (पीएचपीतल्या डेटाबेस जोडणीचा) ऑब्जेक्ट तिथे टाकला तर एक्सेप्शनच येतं. तुमचे स्वतःचे ऑब्जेक्ट ठेवता येतात, पण त्यांच्या क्लासची फाइल सेशन_स्टार्ट()च्या आधी लोड झालेली किंवा ऑटोलोड होणारी असावी. नाहीतर परत येताना ‘इनकम्प्लीट क्लास’ नावाचा निरुपयोगी ऑब्जेक्ट हाती येतो.

सेशनमध्ये थोडं ठेवावं: ग्राहकाचा आयडी, फॉर्मच्या सुरक्षेची खूण, कार्टमधल्या वस्तूंचे क्रमांक आणि नग. हजार ओळींचा क्वेरीचा निकाल तिथे ठेवला तर सेशन सुरू करणारं प्रत्येक पान तो अख्खा वाचून उलगडतं, वापरो वा न वापरो. अधिकारही सेशनमध्ये गोठवू नका. एखाद्याचा ॲडमिन दर्जा काढला तरी त्याच्या जुन्या सेशनमध्ये तो लॉगआउट होईपर्यंत राहतो. आयडी सेशनमधून घ्या, दर्जा डेटाबेसमधून.

प्रश्न : पायथनच्या जँगोमध्ये कार्टच्या यादीत वस्तू घालतो, पण पुढच्या पानावर ती नसते. लॉगिन मात्र टिकतं.

तुम्ही सेशनमधल्या यादीला थेट अपेंड केलं आहे. जँगो सेशन साठवतो ते त्याच्या वरच्या पातळीवर काही बदललं तरच. आतल्या यादीत भर पडल्याचं त्याला कळत नाही. अपेंडनंतर रिक्वेस्ट.सेशन.मॉडिफाइड = ट्रू लिहा. पायथनच्याच फ्लास्कमध्येही हाच नियम आहे, आणि तिथे एक गोष्ट जास्त जपावी लागते: फ्लास्कचं मूळ सेशन सर्व्हरवर नसतंच, ते सगळं कुकीतून ये-जा करतं. त्यावर सही असते, त्यामुळे कोणी बदलू शकत नाही, पण वाचू मात्र सहज शकतो. गुप्त काही ठेवू नका, आणि साधारण ४ किलोबाइटपलीकडे गेलं की ब्राउझर ती कुकी घेत नाही.

इतरांच्या प्रश्नांना थोडक्यात. नोडच्या एक्सप्रेसमध्ये रिडायरेक्टनंतर किंमत कधी दिसते कधी नाही, असं होत असेल तर रिक.सेशन.सेव्ह() च्या कॉलबॅकमध्ये रिडायरेक्ट करा. आणि त्याचं मूळ मेमरी स्टोअर प्रत्यक्ष वापरासाठी नाही, प्रक्रिया पुन्हा सुरू झाली की सगळे लॉगआउट. जावात गेटसेशन() नसलेलं सेशन तयार करतं, त्यामुळे ‘लॉगिन आहे का’ तपासताना गेटसेशन(फॉल्स) वापरून नल बघा. तिथे वेब.एक्सएमएल मधली मुदत मिनिटांत आणि सेटमॅक्सइनॲक्टिव्हइंटरव्हल() मधली सेकंदांत असते. एकीकडचा ३० हा आकडा दुसरीकडे उतरवला की लोक अर्ध्या मिनिटात बाहेर पडतात. एएसपी डॉट नेटमध्ये ‘इनप्रॉक’ (ॲप्लिकेशनच्याच मेमरीतलं) सेशन असेल तर वेब.कॉन्फिग नुसतं साठवलं तरी ॲप्लिकेशन नव्याने सुरू होतं आणि सगळी सेशन्स जातात. कामाच्या वेळात त्या फाइलला हात लावू नये.

प्रश्न : एकाऐवजी दोन सर्व्हर केले आणि लोक आलटून पालटून लॉगआउट दिसू लागले.

आयडी दोन्हीकडे पोचतो, फाइल मात्र एकाच सर्व्हरच्या डिस्कवर आहे. रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्या लोड बॅलन्सरला ‘एका माणसाला एकच सर्व्हर’ असं सांगून तात्पुरतं भागतं, पण तो सर्व्हर बंद पडला की त्यावरचे सगळे बाहेर. सेशन दोघांनाही पोचेल अशा रेडिसमध्ये किंवा डेटाबेसच्या टेबलात ठेवा, रेडिस असेल तर लॉकिंग चालू करून. दोन्ही सर्व्हरवर सेशनचं नाव, कुकीची सेटिंग्ज आणि सिरियलाइझ_हँडलर (सेशन मजकुरात बदलण्याची पद्धत) एकच असू द्या. हा हँडलर वेगळा पडला तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचताच येत नाही. आणि दोन्हींची घड्याळं जुळवून ठेवा. एकाचं घड्याळ १० मिनिटं पुढे असेल, तर तुम्ही स्वतः तपासत असलेली ‘शेवटची_वेळ’ तिथे १० मिनिटं आधीच संपते.

प्रश्न : कुकी बंद करणाऱ्यांसाठी सेशन आयडी पत्त्यातून पाठवावा का?

नाही. पत्ता हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो आणि लोक तो कॉपी करून मित्राला पाठवतात. मित्र थेट त्यांच्या खात्यात शिरतो. यूज_ओन्ली_कुकीज १ च राहू द्या.

प्रश्न : लॉगमध्ये ‘अंकी नाव वगळलं’ अशी सूचना येते आणि काही किमती गायब असतात.

तुम्ही $_सेशन[०], $_सेशन[१] असं लिहीत आहात, किंवा $_सेशन[] = अशा पद्धतीने भर घालत आहात. पीएचपीचा मूळ हँडलर वरच्या पातळीवर आकड्यांची नावं साठवत नाही, ती वगळून पुढे जातो. $_सेशन['वस्तू'][] = असं एक पातळी आत लिहा; तिथे आकडे चालतात.